एक हत्यार आणि अकरा महिन्यांचं पत्र : खान्देशातल्या एका तलवारबाजी प्रशिक्षिकेचं प्रकरण

या प्रकरणातली माणसं, गाव आणि कॉलेज ओळखू येतील असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. प्रशिक्षिकेला सगळे जे म्हणायचे तेच इथेही म्हटलं आहे : मॅडम. मी त्या काळात शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात क्रीडा संचालक होतो. विद्यापीठाच्या निवड चाचण्यांना आमची गाठ पडायची, आणि पुढे कराराचा मसुदा करताना त्यांनी माझ्याशी बरंच बोलून घेतलं.

पार्श्वभूमी

तापीकाठच्या केळीपट्ट्यातलं हे अनुदानित कॉलेज. मुली निम्म्याहून जास्त, त्यातल्या बऱ्याच खेड्यांतून एसटीच्या पासावर येणाऱ्या. जिमखान्यात कबड्डी आणि खो-खो हेच खरे खेळ. बाकीच्या खेळांसाठी ऑगस्टमध्ये नोटीस लागे, चार नावं येत आणि विद्यापीठाच्या स्पर्धेत त्यांची हजेरी लागली की वर्ष संपे.

मॅडमचं माहेर धुळ्याचं. बी.पी.एड., एम.पी.एड. झालेलं, स्वतः फॉइल (तलवारबाजीतल्या तीन हत्यारांपैकी एक) खेळलेल्या, विद्यापीठाच्या संघात होत्या. लग्न होऊन या गावी आल्या आणि २०१७मध्ये मानधनावर 'प्रशिक्षक' म्हणून लागल्या. मानधन जुलै ते मार्च. एप्रिल ते जून काही नाही. नेमणुकीचं पत्र दर वर्षी नवं, आणि ते बहुधा ऑगस्ट उजाडल्यावर हातात पडायचं.

उन्हाळ्याचा तो खंड खेळाच्या दृष्टीनं फारसा नडत नव्हता. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ला टेकतो. पत्र्याच्या हॉलमध्ये प्लास्ट्रॉन (जॅकेटच्या आतलं संरक्षक वस्त्र), त्यावर जाड जॅकेट, डोक्यावर जाळीचा मुखवटा अशा थाटात कुणी तासभर लंज, म्हणजे पुढे झेपावून वार, मारू शकत नाही. त्यामुळे 'सुट्टीच आहे तर मानधन कशाचं' हा संस्थेचा मुद्दा वरवर बिनतोड वाटायचा. मॅडमनी पहिल्या दोन उन्हाळ्यांत पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उरकला, जुन्या तलवारी दुरुस्त केल्या, खेड्यांत जाऊन पालकांना भेटल्या. ते काम कुठल्याच कागदावर आलं नाही.

पहिला निर्णय : तीनपैकी एक

तलवारबाजीत हत्यारं तीन. फॉइलमध्ये फक्त धडावर टच (गुण देणारा तलवारीचा स्पर्श) चालतो, सेबरमध्ये कमरेच्या वर कुठेही आणि धारेनंही, इपीमध्ये अख्खं शरीर लक्ष्य. मॅडम फॉइलच्या. कॉलेजात फॉइलचे दोन जुने सेटही पडलेले होते. साहजिक होतं की त्या फॉइलच शिकवतील. त्यांनी इपी घेतली.

कारण पहिलं, पैसा. फॉइल आणि सेबरमध्ये विजेवर गुण नोंदवायचे तर प्रत्येक खेळाडूला धातूच्या धाग्याचं वरचं जॅकेट लागतं, ज्याला पोरी लामे म्हणतात. ते महाग, आणि आपल्याकडच्या घामात त्याचा धागा हिरवा पडून जागोजागी मरतो. इपीला लामे लागतच नाही. तलवार, बॉडी कॉर्ड (तलवार यंत्राला जोडणारी तार), मुखवटा, साधं जॅकेट, प्लास्ट्रॉन, मुलींना छातीचं संरक्षक कवच, एवढ्यात खेळाडू उभी राहते.

दुसरं कारण मला जास्त पटलं. फॉइल आणि सेबरमध्ये दोघींचे दिवे लागले तर गुण कुणाचा हे रेफरी ठरवतो. हल्ल्याचा हक्क कुणाचा होता ते त्याला वाचता यावं लागतं. तालुका-जिल्हा पातळीवर तसे रेफरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इपीत हक्काची भानगड नाही. टोकावर ७५० ग्रॅमचा दाब पडला की दिवा लागतो, जिचा आधी लागला तिचा गुण, आणि सेकंदाच्या विसाव्या-पंचविसाव्या भागात दोघींचे लागले तर दोघींनाही. "माझ्या पोरींचा न्याय दिव्यानं करावा, कुणाच्या ओळखीनं नको," असं त्या एकदा बोलून गेल्या.

याची किंमत त्यांना माहीत होती. इपीत उंचीचा आणि हाताच्या लांबीचा फायदा उघड असतो, आणि आपल्या पोरी काही पंजाबच्या मुलींइतक्या उंच नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळा भर समोरचीच्या मनगटावर आणि पुढच्या हातावर. सर्वांत जवळचं लक्ष्य तेच. तिनं हात लांबवला की आपलं टोक तिच्या मनगटाला आधी लागलं पाहिजे.

हॉलचा प्रश्न मजेशीर होता. पिस्टची, म्हणजे लढतीच्या पट्ट्याची, लांबी १४ मीटर, रुंदी दीड ते दोन. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० मीटरचं. म्हणजे कोर्टाच्या रेषेबाहेर थोडं सरकलं की दोन पिस्ट शेजारी-शेजारी बसतात. मधली रेषा, तिच्यापासून दोन्हीकडे दोन मीटरवर एन गार्डच्या (लढत सुरू करताना उभं राहण्याच्या) रेषा, शेवटच्या दोन मीटरचा इशारापट्टा, हे सगळं मुलींनीच रंगवलं. बॅडमिंटनवाल्या प्राध्यापकांनी कुरकुर केली, पण ते संध्याकाळी खेळायचे आणि या सकाळी.

अडचण आली ती फरशीची. स्पर्धेत पिस्ट धातूची आणि अर्थिंग केलेली असते, त्यामुळे टोक जमिनीला लागलं तर दिवा लागत नाही. इथे साधी फरशी. पायाच्या बोटांवर मारायला गेलं आणि टोक फरशीवर आपटलं की दिवा लागायचा आणि वाद व्हायचा. मॅडमनी सरावात पायावरचे टच बंदच केले. त्या वेळी तो निर्णय व्यवहार्य होता. तीन वर्षांनी त्याचं बिल आलं.

तलवारींच्या दुरुस्तीबद्दलही सांगायला हवं, कारण या खेळात पैसा तिथेच झिरपतो. पात्याच्या खाचेतून दोन बारीक तारा टोकापर्यंत जातात, टोकात दोन इवल्याशा स्प्रिंगा आणि दोन स्क्रू. तार तुटली की तलवार मुकी. बाहेर पाठवली तर महिना जातो. केळीपट्ट्यात पाणबुडी पंपांमुळे दर बाजारपेठेत मोटर वाइंडिंगची दुकानं आहेत. अशाच एका दुकानदाराला मॅडमनी मल्टिमीटरवर सर्किट दाखवलं. त्यानं पहिल्या तलवारीची तार ओढताना तोडली, दुसरी जमवली. पुढे दोन मुली त्याच्याकडे बसून सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकल्या.

मुली आणि घरं

खेळाडू मिळवणं म्हणजे घरं मिळवणं होतं. "आमनी पोर तलवार खेयीसन काय करी, मॅडम?" हा प्रश्न प्रत्येक ओट्यावर यायचा. मॅडमकडे दोन उत्तरं होती. एक, हा खेळ हॉलमध्ये चालतो आणि कपडे मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारे असतात. कबड्डीच्या हाफ पॅंटवरून ज्या घरांत वाद झाले होते तिथे हे चाललं. दुसरं, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. हे दुसरं उत्तर त्या फार जपून द्यायच्या. राज्य पातळीवरचं पदक लागतं, ते मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतलं लागतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडे होते, हे सगळं त्या तिथेच बसून सांगत. नुसत्या सहभागाच्या कागदावर नोकरी लागते असं सांगून पोरी जमवणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. दोन वर्षांनी त्यांच्या दारात बाप उभे राहतात.

आयांची काळजी वेगळी होती : "तिले लागी गयं तं लगीन कसं व्हई?" मॅडम मुखवटा घेऊन जायच्या आणि आईच्याच हातात द्यायच्या. जाळी चेपून बघा म्हणायच्या. डोळा-चेहरा सुरक्षित असतो हे पटायचं. पण दंडावर आणि मांडीवर टोकाचे निळे डाग उठतात हे लपवण्यासारखं नव्हतं. एका मुलीला पाहायला पाहुणे आले आणि चहाचा ट्रे धरताना हातावरचे डाग दिसले. पाहुण्यांमधल्या एकीनं आईला बाजूला घेऊन 'घरात मारतात का' असं विचारलं. ती मुलगी पुढच्या आठवड्यापासून आली नाही. त्यानंतर मॅडमनी सरावासाठी पुढच्या हातावर जाड पट्टी सक्तीची केली, नियमात नसतानाही.

याच काळात एक डावखुरी मुलगी आली. कपाशी वेचणाऱ्या कुटुंबातली, बोलायला अहिराणी, कॉलेजात तोंड उघडत नसे. तलवारबाजीत डावखुऱ्यांशी खेळायची सवय कमी जणींना असते, कोन उलटे येतात. मॅडमनी तिला पहिल्याच आठवड्यात हेरलं. पुढचं बरंचसं प्रकरण तिच्याभोवती फिरतं.

टोकियोनंतरची मागणी

कोविडमध्ये हॉल बंद राहिला, अंगणात खडूनं रेघा मारून फूटवर्क चाललं. मग जुलै २०२१ आला. सी. ए. भवानी देवी ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय तलवारबाज ठरली; टोकियोत तिनं ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीला १५-३नं हरवलं आणि पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ७-१५नं हरली. त्या वर्षी प्रवेशाच्या रांगेत मुली विचारायला लागल्या, 'ते तलवारवालं इथंच असतं का?'

आणि सगळ्यांना सेबर हवं होतं. टीव्हीवर तेच दिसलं होतं. प्राचार्यांनाही सेबर हवं होतं. एका माजी विद्यार्थ्यानं दोन सेट द्यायची तयारी दाखवली होती. मॅडम नाही म्हणाल्या. त्यांचं म्हणणं, दोन सेटवर चौघी शिकतील, त्यांना रेफरी मिळणार नाही, आणि इपीच्या बारा जणी तुटतील. ज्या माणसानं देणगी देऊ केली तो दुखावला आणि पुढे त्यानं काहीच दिलं नाही.

मला विचारलं तर हा मॅडमचा सर्वांत खंबीर निर्णय होता. त्याच वेळी सर्वांत कच्चा हाताळलेलाही. नकार बरोबर, पण देणगीदाराला इपीच्या दोन तलवारींकडे वळवता आलं असतं. त्यासाठी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसून बोलायला हवं होतं. मॅडमनी शिपायाहाती चिठ्ठी पाठवली. खेळातलं त्यांना जितकं कळायचं तितकं संस्थेतलं राजकारण कळत नव्हतं, किंवा कळूनही त्यात पडायची त्यांची तयारी नव्हती.

त्याच हिवाळ्याच्या आसपास डावखुरीसह तिघी विद्यापीठाच्या संघात आल्या. तयारीसाठी मॅडम त्यांना रविवारी अजिंठा घाटातून छत्रपती संभाजीनगरला नेत. तिथे साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र आहे, तलवारबाजीची जुनी परंपरा आहे, भिडायला दर्जेदार मुली मिळतात. पहाटेच्या एसटीनं जायचं, रात्री यायचं. तिकिटं आधी मॅडम काढत, जिमखान्याकडून परत मिळाली तर मिळाली.

अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत संघ लवकर हरला. सांघिक इपी म्हणजे ४५ टचची रिले : तिघी खेळाडू, नऊ लढती, प्रत्येक लढत तीन मिनिटांची. समोर बारा-तेराव्या वर्षापासून खेळणाऱ्या मुली. आपल्या सतराव्या-अठराव्या वर्षी तलवार धरलेल्या. अंतर राखून वाट पाहत बसायचं ही मॅडमची युक्ती होती, पण मिनिटभर टच झाला नाही तर निष्क्रियतेचं कार्ड निघतं, आणि ते निघालं. शिवाय धातूच्या पिस्टवर समोरच्या मुली सर्रास पायावर मारत होत्या. आमच्या पोरींना त्या टचची सवयच नव्हती, ना मारण्याची, ना पाय मागे घेण्याची. वैयक्तिक गटात डावखुरी मात्र पूलमधून (सुरुवातीच्या गटवार लढतींतून) बाद फेरीत गेली आणि १५ टचच्या लढतीत एकीला हरवून मग बाहेर पडली. या कॉलेजच्या मुलीनं वैयक्तिक खेळात इतकं पुढे जाण्याची ती पहिलीच वेळ.

प्रश्न : जून २०२२

परत आल्यावर सत्कार झाला, फोटो झाला. जूनमध्ये संस्थेच्या बैठकीत ठरलं की बॅडमिंटन हॉलमध्ये स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका सुरू करायची. गावातली मागणी खरी होती, एमपीएससी आणि पोलिस भरतीची पोरं झाडाखाली बसून अभ्यास करत होती. अभ्यासिकेला फी मिळणार होती, तलवारबाजीला उलट खर्च. मॅडमचं नवं पत्र 'विचाराधीन' राहिलं.

त्याच महिन्यात नाशिकच्या एका खासगी निवासी शाळेतून बोलावणं आलं. पगार मानधनाच्या दुपटीहून जास्त, बारा महिने, भविष्य निर्वाह निधी, राहायला क्वार्टर. मॅडमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची. नवऱ्याचं खताचं दुकान गावातच, सासूबाई घरी, म्हणून तर पहाटेचा सराव जमत होता.

तोलून पाहिलेले पर्याय

नाशिकला जाणं हा सरळ मार्ग होता, आणि सासरच्यांचा विरोध नव्हता. उलट सासऱ्यांनी "जाय, इथं काय ठेवेल आहे" असंच सांगितलं. मॅडमना खटकत होतं ते एवढंच की तिथे मुलं सहावीपासूनची, खेळ विषयासारखा तासिकेत बसवलेला. त्यांना कॉलेजच्या वयाच्या मुलींबरोबरच काम करायचं होतं.

दुसरा पर्याय क्रीडा संचालकाच्या पदाची वाट पाहण्याचा. नेट त्या झाल्या होत्या. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत या पदासाठी शारीरिक क्षमतेची चाचणी आहे, तिशीपर्यंतच्या महिलेला ८ मिनिटांत १००० मीटर. ती त्यांच्या डाव्या हाताचा मळ. पण पदं भरायची परवानगी कधी निघते, निघाली तर आरक्षणाच्या कुठल्या बिंदूवर जागा येते, मुलाखतीच्या बाहेर काय बोललं जातं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. हातातलं सोडून त्या भरवशावर बसणं वेडेपणाचं होतं.

तिसरा, खेलो इंडियाचं जिल्हा केंद्र. त्या योजनेत माजी खेळाडूला प्रशिक्षक म्हणून नेमून मानधन आणि साहित्यासाठी निधी मिळतो, आणि तलवारबाजी त्यातल्या १४ खेळांमध्ये आहे. मॅडमनी अर्जाची चौकशी केली. कुस्ती, अॅथलेटिक्ससारख्या खेळांचे वजनदार दावेदार रांगेत आधीच होते.

चौथा, पतियाळाची एक वर्षाची पदविका. तिच्याशिवाय साईकडे किंवा मोठ्या केंद्रात प्रशिक्षक म्हणून दार उघडत नाही. पण तीन वर्षांची पोर घरी ठेवून वर्षभर पंजाबात राहायचं. मॅडमनी हा पर्याय त्या वर्षी बाजूला ठेवला.

आणि पाचवा, कॉलेजशी लेखी करार करून राहणं. पाच वर्षांत हे कधी झालंच नव्हतं. सगळं 'बघू, करू' वर चाललं होतं.

काय केलं

मॅडमनी नाशिकला महिनाभराची मुदत मागितली आणि पाचवा पर्याय हातात घेतला. इथे त्यांनी पहिल्यांदा संस्थेच्या भाषेत बोलायचं ठरवलं.

कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकचं पुनर्मूल्यांकन जवळ आलं होतं. नॅकच्या पाचव्या निकषात, विद्यार्थ्यांच्या प्रगतीच्या, विद्यापीठ-राज्य-राष्ट्रीय पातळीवरच्या खेळातल्या कामगिरीची नोंद मागतात, आणि ती पुराव्यासकट लागते. मॅडमनी पाच वर्षांचे विभागीय आणि विद्यापीठ स्पर्धांचे निकाल, प्रमाणपत्रांच्या प्रती, संघात निवडलेल्या मुलींची नावं असा एक तक्ता केला आणि आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) समन्वयकांना नेऊन दिला. समन्वयक रसायनशास्त्राच्या बाई होत्या, खेळाशी संबंध शून्य. त्यांनी तक्ता पाहिला आणि त्याच संध्याकाळी प्राचार्यांशी बोलल्या. मुलींच्या खेळाच्या रकान्यात कॉलेजकडे दाखवण्यासारखं दुसरं फार काही नव्हतं.

मग वाटाघाटी. हॉल पूर्ण नको, सकाळी सहा ते आठ द्या, अभ्यासिका नऊपासून. टेबलं भिंतीला लावून ठेवण्याची जबाबदारी खेळाडूंची. मानधन नऊऐवजी अकरा महिने. उन्हाळ्यात दुरुस्ती, पालकभेटी आणि प्रशिक्षकाचं शिक्षण ही कामं म्हणून लिहायची. शेजारच्या दोन कॉलेजांच्या मुली सरावाला येतील, त्यांनी जिमखान्यातून ठरावीक वाटा द्यायचा. माझं कॉलेज त्यातलं एक. माझ्या प्राचार्यांना मनवायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मॅडमनी त्यांच्या अख्ख्या संस्थेला मनवलं.

साहित्याच्या मालकीवर मात्र करार गप्प राहिला. निम्म्या तलवारी, सहा मुखवटे आणि गुण नोंदवायचं यंत्र मॅडमनी पदरमोड करून किंवा केळीच्या एका व्यापाऱ्याकडून मागून आणलेलं होतं. व्यापाऱ्यानं पैसे मॅडमच्या हातात दिले, कॉलेजच्या खात्यात नाही. मसुद्यात मी 'साहित्याची यादी सोबत जोडली आहे' असं वाक्य घातलं होतं. मॅडमनी ते काढायला लावलं, 'आता त्यावरून परत सगळं अडेल' म्हणून. सही त्या आठवड्यात झाली, हे खरं.

पुढच्या दोन वर्षांत तीन गोष्टी बदलल्या. पायावरच्या टचसाठी फरशीवर पत्र्याचा चार मीटरचा पट्टा अंथरून त्याला अर्थिंगची तार जोडली. तेवढ्यात संपूर्ण लढत होत नाही, पण सवय लागते. वरच्या वर्गातल्या मुलींना रेफरी म्हणून उभं करायला सुरुवात झाली. आणि डावखुरीचं सहामाही परीक्षेचं वेळापत्रक स्पर्धेशी आपटलं तेव्हा मॅडमनी विद्यापीठाकडून लेखी परवानगी आणली, नुसत्या शब्दावर तिला पाठवलं नाही.

निष्पत्ती

डावखुरीनं राज्य संघटनेच्या स्पर्धेत पदक मिळवलं, प्रमाणपत्राची पडताळणी झाली, आणि ती खेळाडू आरक्षणातून पोलिस दलात लागली. तिचा खेळ तिथे थांबला. ड्युटीतून वेळ मिळत नाही, तिला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. मॅडमना वाटतं.

२०२४मध्ये मुलगी शाळेत रुळल्यावर मॅडम पदविकेसाठी पतियाळाला गेल्या. जाताना साहित्याचा प्रश्न आलाच. कॉलेजनं सगळं आपलं म्हटलं, मॅडमनी यंत्र आणि चार तलवारी आपल्या म्हटल्या, पावत्या निम्म्याच सापडल्या. शेवटी यंत्र कॉलेजात राहिलं, तलवारी मॅडमनी नेल्या, आणि सात वर्षांच्या संबंधात एक कडवटपणा उरला. पदविका झाल्यावर त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका केंद्रात लागल्या. पगार चांगला, नेमणूक कंत्राटी.

कॉलेजात त्यांच्या दोन माजी विद्यार्थिनींनी सकाळ चालू ठेवली. पहिलं वर्ष बिनपगारी. करार 'प्रशिक्षक' या पदाशी न बांधता मॅडमच्या नावानं झाला होता, म्हणून नव्या दोघींना तो लागू होत नाही असं कार्यालयानं सांगितलं. शेजारच्या कॉलेजांचा वाटाही त्यामुळे थांबला. माझ्या कॉलेजातल्या मुली सराव सोडून गेल्या. बारा-पंधरा मुलींचा गट निम्म्यावर आला.

वेगळं काय करता आलं असतं

इपीच्या निर्णयाला मी हात लावणार नाही. मॅडमची सारी कारकीर्द त्यावर उभी राहिली. पायावरचे टच मात्र पहिल्याच वर्षी सुरू करता आले असते. पत्रा आणि तार यांचा खर्च एका पात्याहून कमी आला.

करार पदाच्या नावानं व्हायला हवा होता. हे मॅडमना तेव्हाही सुचलं होतं, पण त्यांना वाटलं की पदाचं नाव घातलं तर उद्या संस्था आपल्याऐवजी दुसऱ्या कुणाला बसवेल. भीती अवाजवी नव्हती. तरी नेमणूक तीन वर्षांसाठी व्यक्तीची आणि वेळ, हॉल, मानधनाची तरतूद पदाची, असे दोन वेगळे कागद करता आले असते. माझ्या जिमखान्यात पुढे मी तसंच केलं.

साहित्याची नोंदवही पहिल्या तलवारीपासून ठेवायला हवी होती. प्रत्येक मुखवट्यावर क्रमांक, समोर पावती, देणगी असेल तर कॉलेजच्या नावाची पोच. ज्या प्रशिक्षकाला स्वतःचं काही ठेवायचं आहे त्यानं ते वेगळ्या पिशवीत ठेवावं आणि तसं लिहून द्यावं. आपल्याकडे शिक्षक पदरमोड करतो आणि त्याचं कौतुक होतं. निघायच्या दिवशी त्या कौतुकाचा काही उपयोग नसतो.

पतियाळाला आधी जायला हवं होतं का, यावर आमच्यात एकमत नाही. मॅडम म्हणतात, २०१८मध्ये मुलगी व्हायच्या आधी गेले असते तर आज कायम नोकरीत असते. मला शंका आहे. त्या वर्षी त्या गेल्या असत्या तर मागे चार मुली आणि दोन जुने सेट एवढंच उरलं असतं, आणि परत आल्यावर त्यांच्यासाठी हॉल कुणी उघडला नसता.

दुसरी प्रशिक्षिका तयार करायला त्यांनी उशीर केला, हे मात्र त्या स्वतःच मान्य करतात. २०२२च्या करारातच एका माजी विद्यार्थिनीला सहायक म्हणून, अगदी जुजबी मानधनावर का होईना, बसवता आलं असतं. म्हणजे २०२४च्या जुलैत कार्यालयाच्या दप्तरात तिचं नाव आधीपासून असतं.

यंदा त्या दोघींपैकी एकीला नऊ महिन्यांचं पत्र मिळालं आहे. तिनं अर्जासोबत मुखवट्यांची क्रमांकवार यादी जोडली, आणि एप्रिल ते जूनच्या कामांचा वेगळा परिच्छेद लिहिला. अकरा महिन्यांची मागणी संस्थेच्या पुढच्या बैठकीत येणार आहे.